सिटी ग्रँटचा अर्ज: शनिवारी सगळ्यांनी या

मंडळी, आपल्या फूड पँट्रीसाठी सिटीच्या सीडीबीजी (कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट) ग्रँटचा अर्ज भरायचाय, शनिवारी सकाळी ११ ला लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये, कमिटीतल्यांनी नक्की याच. पैसा फेडरल, १९७४ च्या कायद्यातला, पण वाटते सिटी, आणि आपल्यासारख्या सेवांना त्यातला साधारण १५ टक्केच देता येतो म्हणून चुरस खूप असते.

येताना आणा:
- ५०१(सी)(३) चं पत्र (आपली संस्था करमुक्त असल्याचं), मागचा फॉर्म ९९० (संस्थेचा वार्षिक टॅक्स फॉर्म)
- पँट्रीत येणाऱ्यांचे उत्पन्नाचे फॉर्म. निदान ५१ टक्के लोकांचं उत्पन्न एरिया मीडियनच्या (आपल्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या) ८० टक्क्यांच्या आत आहे हे कागदावर दिसायलाच हवं

या फॉर्मचे फोटो ग्रुपवर अजिबात टाकू नका, लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. आणि खर्चाची बिलं जपून ठेवा, पैसे बहुतेक वेळा बिलं दाखवल्यावरच मिळतात.