माझ्या वाटणीची नळी

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "मे महिन्यात येतोयस, तर मटणाचं आधीच सांगून ठेवू का?" आणि मी नुसतं "बघू" म्हणालो. तेव्हापासून जीव लागत नाहीये. फोनवर बाबा गप्प झाले की माझं बोलणं तिथंच संपतं, म्हणून लिहितोय.

मी मटण-चिकन सोडलंय. गणपतीपासून. आई, तू "काय जेवलास?" विचारायचीस आणि मी "आमटी-भात" सांगायचो. ते खरंच होतं, पण एवढे महिने तुमच्यापासून लपवलं ह्याचं वाईट वाटतंय. माफ करा.

आधी काळजी मिटवतो. तब्येत चांगली आहे, रक्त तपासून घेतलंय. अंडी खातो, दूध-दही खातो, तुझी तुपाची बरणी संपत आली आहे. कुणी बुवा भेटलेला नाही, माळ घातलेली नाही. आणि बाबा, तुमच्या हाताला नाव ठेवावं असं तर स्वप्नातही येणार नाही.

कारण इथलं, नेदरलँड्समधलं आहे. आइंडहोवनच्या बाहेर सायकलनं गेलं की लांबच लांब शेडं लागतात, आत डुकरं, बाहेर एकही दिसत नाही. ह्या देशात माणसं 1 कोटी 80 लाख आणि डुकरं 1 कोटीच्या आसपास. त्यांना घालायचा सोया बराचसा ब्राझीलहून येतो. मल-मूत्र मात्र इथंच राहतं. वसंतात ते पातळ खत शेतात सोडतात तेव्हा मी खिडक्या लावून बसतो. त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन हवेतून रानावर उतरतो, आणि जांभळ्या फुलांचं सुंदर माळरान नुसत्या गवतानं भरून जातं. 2019 साली इथल्या न्यायालयानं सरकारची नायट्रोजनची परवानापद्धत रद्द केली, तेव्हा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन सरकार जिथं बसतं त्या हेगला धडकले. बाबा, तुम्ही ऊसदरासाठी हायवेवर बसला होता ना, तसेच. त्यांचा राग मला कळतो. म्हणून मी त्यांना दोष देत नाही, माझं ताट तेवढं बदललंय.

आता तुम्ही म्हणाल, आपलं बकरं माळावर बाभळीच्या शेंगा खातं, त्याच्यासाठी कुणी जंगल तोडलं नाही. बरोबर आहे. धनगराची मेंढरं रानात बसवली की खत मिळतं, तेही मी पाहिलंय. पण रवंथ करणारं जनावर कुठलंही असो, पोटात चारा आंबतो आणि ढेकरेतून मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. 2018 साली पूअर आणि नेमेचेक ह्या दोन संशोधकांनी 119 देशांतल्या सुमारे 38 हजार शेतांचा हिशेब मांडला. त्यात किलोभर मटणामागं सरासरी 20 किलोच्या वर हरितगृह वायू निघतात, डाळी-कडधान्यांमागं एक-दोन किलो. आई, डाळ एवढ्या लांबून येते त्याचं काय, असं तू विचारशील. जहाजाच्या प्रवासाचा वाटा त्यात फार थोडा असतो. जास्त भार जनावर वाढवण्यातच आहे. चीजचा आकडा तर कोंबडीच्याही वर आहे, म्हणून तेही कमी केलंय.

एवढं सगळं वाचून ठरवलं, तरी एका गोष्टीशी अडत होतो. तापातून उठलो की बाबा मटणाच्या अळणीची वाटी फुंकून फुंकून हातात द्यायचे. वर तुपाचे चार थेंब, तळाशी मिठाचा खडा. आजही बरं वाटेनासं झालं की पहिल्यांदा तोच वास आठवतो. तो माझ्यापासून सुटणार नाही, सुटावा असंही वाटत नाही.

तेव्हा आता नीट ऐका. माझ्यामुळं घरातलं मटण बंद करायचं नाही. डॉक्टरांनी बाबांना सांगितलंय तेवढंच, महिन्यातून दोनदा, आणि वरची तर्री काढून. बीपीची गोळी संपायच्या आधी आणायची. रंकाळ्यावर फिरायला दोघांनी जायचं, बाबांनी एकट्यानं नाही. आई, माझ्यासाठी वेगळी चूल मांडल्यासारखी भांडी वेगळी करू नकोस, मला काही लागत नाही त्यातलं. फक्त चमचा दुसरा ठेव.

आणि बाबा, एक मागणं आहे. तुमचं ते कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण घालून अख्खा मसूर करा ना. मी इथं चारदा केला, रंग येतो, चव येत नाही. खोबरं किती काळं होईपर्यंत भाजायचं ते मला शेजारी उभं राहून बघायचंय. त्या दिवशी पाटा मी धुईन.

माझ्या वाटणीची नळी ताईच्या पोराला द्या. त्याला ताटावर आपटायची कशी ते अजून जमत नाही. माझ्या मुठीवर मूठ धरून शिकवलंत तसंच शिकवा.

तुमचा,
बाळू