टीव्हीवरचा राजीनामा आणि कागदावरचा

न्यू जर्सी

ती. अप्पांना सा. नमस्कार.

अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन राजीनाम्याचं टीव्हीवर बोलला तेव्हाच त्याचं पद गेलं का, यावरून खानापुरात कट्ट्यावर वाद पेटलाय म्हणे. नाही गेलं. ८ ऑगस्ट १९७४ ला रात्री नऊला त्याने राष्ट्राला सांगितलं की उद्या दुपारी बारापासून राजीनामा लागू. ही झाली दवंडी. कागद दुसऱ्या दिवशी गेला, एका वाक्याचा, परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या नावे. १७९२ पासूनचा इथला कायदा आहे: अध्यक्षाचा राजीनामा लेखी, सहीनिशी आणि परराष्ट्रमंत्र्याच्या कचेरीत पोचलेला हवा. किसिंजर यांनी त्यावर आद्याक्षरं करून वेळ टाकली, ११:३५. उपाध्यक्ष फोर्ड यांनी १२:०३ ला अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा निक्सन विमानात होता.

वेळ इतकी काटेकोर का? आपल्याकडे मुख्यमंत्र्याचा राजीनामा राज्यपाल स्वीकारतात आणि पर्यायी व्यवस्था होईपर्यंत त्यालाच काळजीवाहू ठेवतात. इथे काळजीवाहू ही भानगडच नाही. पद रिकामं झालं की उपाध्यक्ष त्याच क्षणी अध्यक्ष.

भाषणातलं कारण मात्र जपून घ्या. संसदेत पुरेसा पाठिंबा उरला नाही, असं तो म्हणाला. पाठिंबा गेला कशाने? व्हाइट हाउसमधली त्याची बोलणी रेकॉर्ड झालेल्या टेपने! २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने ८-० असा निकाल देऊन टेप द्यायला लावल्या. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ चं संभाषण बाहेर आलं. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कचेरीची घरफोडी होऊन सहाच दिवस झाले होते आणि सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास थांबवायचं बोलणं त्यात होतं. महाभियोगाने काढलं असतं तर पेन्शनही गेली असती, पण ते भाषणात कोण सांगतो!

आपल्याकडेही कागद योग्य जागी पोचावा लागतो. आमदाराचा राजीनामा राज्यपालांकडे देऊन भागत नाही, तो विधानसभेच्या सभापतींकडेच जातो. तो स्वखुशीचा आणि खरा आहे, अशी त्यांची खात्री पटावी लागते. जुलै २०१९ मधले कर्नाटकातल्या आमदारांचे राजीनामे आठवतात ना? आपल्या बेळगाव जिल्ह्यातले गोकाक आणि अथणीचे आमदारही त्यात होते. बहुतेक जण मुंबईच्या हॉटेलात, चॅनेलवर 'सरकार पडलं'ची घाई, आणि सभापती म्हणाले, तेरापैकी आठ अर्ज नमुन्यातच नाहीत. शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर मंडळी बेंगळुरूला येऊन सभापतींपुढे हजर झाली.

तेव्हा कट्ट्यावर पैज लावायची तर 'दिला' या शब्दावर लावू नका, 'स्वीकारला' येईपर्यंत थांबा.

आईला नमस्कार.

तुमचा धाकटा