आयुषमंत्र्यांना खुले पत्र: तीन दिवसांचा ‘डिटॉक्स’, दोन रात्रींचा आयसीयू

माननीय केंद्रीय आयुषमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी आयुर्वेदाचा विरोधक नाही, हे आधीच सांगतो. इथल्या एका जुन्या वैद्यांकडे मी स्वतः वासंतिक वमन (वसंतात औषध देऊन उलट्या करवणं) केलंय. पाच दिवस चढत्या मात्रेनं तूप, मग मालिश, शेक. वमनाच्या सकाळी वैद्य शेजारी बसून उलटीचे वेग मोजत होते. नंतर आठवडाभर पेज, विलेपी म्हणजे घट्ट पेज, मुगाचं कढण. बायको म्हणाली, एवढ्या निगुतीनं तर बाळंतिणीचंही कोणी करत नाही.

तीच बायको मध्यंतरी आमच्या सोसायटीखालच्या पंचकर्म केंद्रात गेली. पूर्वी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. तीन दिवसांचं पॅकेज, साडेसहा हजार, शिरोधारा फुकट. वय 61, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. कोणी विचारलंच नाही. तूप नाही, शेक दहा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एका पोरानं कागदाच्या पुडीतून काळ्या गोळ्या दिल्या. दुपारपर्यंत चोवीस जुलाब. फोन केला तर म्हणतो, ‘‘काका, विष बाहेर पडतंय, पडू द्या.’’ संध्याकाळी बाथरूमच्या दारात तिला सावरलं तेव्हा पोटऱ्यांत गोळे आलेले, आणि ती मला ओळखेना. आयसीयूत रक्तातलं पोटॅशियम निघालं 2.4, साडेतीनच्या वर हवं. बिल 58 हजार.

गोळ्यांत जमालगोटा असावा, असा डॉक्टरांचा संशय. जमालगोटा तुमच्याच औषध नियमांच्या ई(1) यादीतलं, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीतलं. ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असं लेबलवर छापावं लागतं. पुडीला कसलं आलंय लेबल!

तक्रार घेऊन फिरलो. एक कार्यालय म्हणालं, आम्ही औषधं बघतो, पंचकर्म नाही. दुसरं म्हणालं, खाटा नाहीत, म्हणजे ते नर्सिंग होम नाही. तिसरं म्हणालं, तो केंद्रवाला नोंदणीकृत वैद्यच नाही, मग कारवाई कशी करणार? म्हणजे डिग्री असती तर अडकला असता, नाही म्हणून सुटला. शेवटी एक साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत माणूस पाठवतो. आज बत्तिसावा दिवस. माणूस आला नाही, केंद्राला एलईडीची नवी पाटी मात्र आली.

तुम्हा लोकांना वेळ नाही असंही नाही. आयुर्वेद दिन धनत्रयोदशीवरून 23 सप्टेंबरला हलवायला 2025 मध्ये राजपत्र निघालं. आयुर्वेदिक औषधांच्या फसव्या जाहिरातींना आळा घालणारा औषध नियमांतला 2018 चा नियम 170, तो 1 जुलै 2024 ला तुमच्याच मंत्रालयानं काढून टाकला. मग कोर्टकज्जे. या देशात चहाच्या टपरीला परवाना लागतो साहेब, माणसाचं आतडं रिकामं करायला लागत नाही! निम्मी केंद्रं अशीच असतील, पैज लावतो. मोजणार कोण? सगळे योगदिनाच्या चटया मोजण्यात गुंतलेले.

पंचकर्म कोण करतोय त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक दारावर लावायला लावा. विरेचनाआधी, म्हणजे जुलाब देण्याआधी, रक्तदाब आणि चालू गोळ्या लिहून घेणं सक्तीचं करा. एवढंच मागतोय.

हिला अजून दोन जिने चढताना मध्ये बसावं लागतं. परवा खाली भाजी घेताना त्या पोरानं हाक मारली, ‘‘काकू, तुमचा तिसरा दिवस बाकी आहे.’’

आपला,
एक करदाता, सांगली