आणून देता, मग परत का नेत नाही?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन पुस्तकविक्री विभाग

विषय : चुकीची व सदोष पुस्तकं पाठवून ती परत नेण्यास नकार दिल्याबाबत

महोदय,

मी अंबाजोगाईला वकिली करतो. गेल्या महिन्यात आगाऊ पैसे भरून तुमच्याकडून चार पुस्तकं मागवली. त्यातली तीन चुकली.

मागवली होती भारतीय न्याय संहिता. आलेल्या पुस्तकावर ‘नवीन फौजदारी कायदा’ असं चकचकीत स्टिकर. आत शेवटचं कलम 511! नव्या संहितेत कलमंच 358 आहेत. स्टिकर नखाने खरवडलं, तर खाली ‘भारतीय दंड संहिता, 1860’. फोनवर तुमच्याकडची मुलगी म्हणाली, “सर, कायद्याचंच पुस्तक आहे ना?” 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना जुना कायदा लागतो हे खरं, पण तो माझ्या कपाटात वीस वर्षांपासून आहे. फसवणुकीचं 420 आता 318 झालंय. तुमचं स्टिकर नंतरचं, म्हणजे 318च बघावं लागेल.

मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीररचनेचा खंड मागवला हाता-छातीचा, आला पाया-पोटाचा. बायकोसाठी मागवलेला, भातखंड्यांच्या संगीताच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा दुसरा भाग तेवढा बरोबर आला. ती खूश आहे, म्हणून पत्राचा सूर जरा खालचा.

खरा राग ‘विवेकसिंधू’चा आहे. मुकुंदराजांची समाधी आमच्याच गावात, त्यामुळे शके 1110चा हा ग्रंथ आमच्याकडे घरचाच. वडील 82 वर्षांचे. रोज रात्री दहा-बारा ओव्या अर्थासह वाचतात. तुमच्या प्रतीत 192व्या पानानंतर पुन्हा 177वं पान येतं, ते 192पर्यंत, आणि मग एकदम 209. म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा दोनदा शिवला आणि पुढचा गायब. वडिलांनी दोन रात्री तीच पानं परत वाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी हळूच मला विचारलं, “माझं डोकं चळलंय का रे? हे मी वाचल्यासारखं वाटतंय.”

पुस्तकं परत न्या म्हटलं, तर तुमच्याकडून उत्तर, “तुमच्या पिनकोडला पिकअप नाही, स्वखर्चाने पाठवा.” आणून देताना अंबाजोगाई नकाशावर असते, न्यायच्या वेळीच कशी पुसली जाते?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याच्या आत करायचं असतं. माझ्या पहिल्या ईमेलला आज सोळा दिवस झाले, पोचही नाही. तिन्ही पुस्तकं तुमच्या खर्चाने बदलून द्या. नाहीतर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. बीडचा जिल्हा ग्राहक आयोग मला लांब नाही, आणि वकिलाची फी मला पडत नाही.

वडील 192व्या पानावर थांबलेत. खूण म्हणून तुमचीच पावती घातली आहे.

आपला,
एक ग्राहक, अंबाजोगाई

सोबत : पावतीची झेरॉक्स, खरवडलेल्या स्टिकरचा फोटो