मित्रास पत्र : ॲल्युमिनियमच्या बॉडीची गाडी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जुनी का होईना, पण संपूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी असलेली मोठी गाडी घ्यायचे तू जवळजवळ ठरवलेच आहेस आणि माझ्याकडून सल्ल्यापेक्षा होकारच हवा आहे, हे तू न लिहिताही मला कळले. 'ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणजे पत्र्याची काळजी कायमची मिटली,' असे जे तू लिहिले आहेस, त्या एका वाक्यामुळे हे उत्तर लांबणार आहे. ते वाक्य निम्मे खरे आहे, आणि उरलेल्या निम्म्याचा भुर्दंड मी स्वतः भरलेला आहे.

आधी वजनाचा विचार करू, कारण गाडीत ॲल्युमिनियम आणण्याचे मुख्य प्रयोजन गंज हे नसून वजन हेच आहे. पोलादाची घनता दर घन सेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. त्यामुळे बॉडीचे वजनही एक तृतीयांश होत असेल असा समज सहज होतो. परंतु ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच आहे. नुसते ओढून पाहिले तर वजनाच्या मानाने दोन्ही धातू सारखेच ठरतात आणि सगळा खटाटोप व्यर्थ वाटतो. खरी किमया जाडीत आहे. पत्रा वाकण्याला जो विरोध करतो, तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर विरोध आठपट होतो. म्हणून पोलादाचा ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा जेवढा ताठ असतो, तेवढाच ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे १ मिलिमीटर पत्र्यात मिळतो आणि वजन मात्र निम्म्यावर येते. बॉनेट, दारे, छत अशा सपाट व पसरट भागांत हा लाभ पुरेपूर पदरात पडतो. सांगाड्यात तो तितका सहज मिळत नाही. तिथे पोकळ तुळया रुंद कराव्या लागतात, खांब जाड करावे लागतात आणि आतली जागा थोडी आक्रसते. बाकी पोलादी असलेल्या कितीतरी गाड्यांचे बॉनेट तेवढे ॲल्युमिनियमचे का असते, याचे उत्तर यात बऱ्याच अंशी आहे.

वजन घटले की त्याचा फायदा एकाच जागी थांबत नाही. बॉडी हलकी झाली की तिला थांबवणारे ब्रेक आणि तोलून धरणाऱ्या स्प्रिंगाही हलक्या करता येतात, आणि छताचे वजन कमी झाल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० या ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा काही प्रकारांत सुमारे ३१८ किलोपर्यंत वजन उतरल्याचे जाहीर केले होते. खालची चासी मात्र पोलादाचीच ठेवली. धडकेतही हा धातू कमी पडत नाही. ॲल्युमिनियमची पोकळ नळी नीट आखलेली असेल, तर ती समोरून दाबली जाताना पेटीच्या भात्यासारख्या घड्या घालत जाते, आणि दर किलोमागे पोलादापेक्षा अधिक ऊर्जा पोटात घेते. त्यामुळे 'मऊ धातूची गाडी धोक्याची' ही तुझ्या मेहुण्यांची शंका मनातून काढून टाक.

या गोष्टीला इतिहासही आहे, आणि तो नेहमीच हौसेचा नाही. लँड रोव्हर १९४८ मध्ये आली, तेव्हा युद्धानंतरच्या टंचाईमुळे पोलाद मोजून मिळत होते. म्हणून तिची बॉडी बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची केली गेली. फ्रान्समधील पानारने १९५० च्या दशकात डायना झेड ही ॲल्युमिनियम बॉडीची गाडी काढली, पण खर्च परवडेना म्हणून काही वर्षांतच कंपनी पोलादाकडे वळली. पुढे १९९० मध्ये होंडाची एनएसएक्स, १९९४ मध्ये ऑडीची ए-८ आणि २००३ मध्ये जॅग्वारची एक्सजे अशा गाड्या आल्या. यांतल्या जॅग्वारची बॉडी मला आजही विलक्षण वाटते, कारण ती बव्हंशी वेल्डिंगने नव्हे, तर विमानासारखी रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांनी जोडलेली होती.

हे जोडकाम असे का करावे लागते, हे समजून घे, कारण तुझा सगळा प्रश्न सांध्यांपाशीच येऊन थांबतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावर हवेने आपोआप तयार होणारी ऑक्साइडची साय सुमारे २०५० अंशांपर्यंत टिकून राहते. म्हणजे वरची साय फुटण्याआधीच खालचा धातू पाणी झालेला असतो. शिवाय हा धातू उष्णता आणि वीज इतक्या वेगाने वाहून नेतो की पोलादाच्या सरावाचे स्पॉट वेल्डिंग त्याला पुरत नाही. म्हणून कारखान्यात पत्र्यात स्वतःच भोक पाडत शिरणारे रिव्हेट मारतात, मध्ये चिकटद्रव्याची रेघ ओढतात आणि ते भट्टीत पक्के होऊ देतात. असा सांधा फार उत्तम असतो. तो उघडण्याची वेळ मात्र येऊ नये.

कारण आता दुरुस्ती येते, आणि इथे मी तुला मुळीच धीर देणार नाही. पोलादाचा पोचा काढणारा कारागीर पत्रा तापवतो आणि तो लालसर होताना पाहून हात आवरतो. ॲल्युमिनियम रंग बदलतच नाही; ते वितळून खाली पडेपर्यंत जसेच्या तसे दिसते. त्यातही बाहेरचा पत्रा बहुधा असा मिश्रधातू असतो, जो ठशात दाबून आकार देताना मऊ असतो आणि रंगाच्या भट्टीतल्या उष्णतेने कडक होतो. पुढे कोणी तो बेताबाहेर तापवला, तर तो कडकपणा निघून जातो. दणका बसला की पत्रा ताणला जाऊन त्या जागी ताठरतो, आणि ठोकून मागे आणताना तडकण्याचा संभव असतो. म्हणून जे पोलादात ठोकून भागते, ते इथे अनेकदा संपूर्ण भाग बदलून करावे लागते. जुने रिव्हेट उपसायचे, चिकटद्रव्य खरवडायचे, नवे लावायचे आणि सुकेपर्यंत गाडी साच्यात अडकवून ठेवायची. यासाठी वेगळी जागा लागते, वेगळी हत्यारे लागतात आणि धूळ ओढून घेणारे यंत्र लागते, कारण ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत पसरली तर स्फोटही होऊ शकतो. विम्याचा हप्ता ठरवताना हे सर्व कोणीतरी हिशेबात धरतेच.

माझी हकीकत तुला पूर्वी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी नव्हती. माझ्या मागच्या गाडीचे केवळ बॉनेट ॲल्युमिनियमचे होते. त्यावर एकदा जड वस्तू पडली आणि मी ती गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने सकाळभर पोलादी दार घासलेली चकतीच माझ्या बॉनेटवर फिरवली. मी शेजारी उभा राहून ते पाहिले आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही. रंग सुरेख बसला. दोन वर्षांनी त्याच जागी रंगाखाली केसासारख्या बारीक, वळवळत्या रेषा उमटल्या आणि नखाने टोकरल्यावर आतून पांढरी भुकटी निघाली. पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले होते. मध्ये ओल आली की दोन भिन्न धातूंचा लहानसा विद्युतघट तयार होतो, आणि त्या जोडीत झिजते ते ॲल्युमिनियम.

तर तुझ्या वाक्याचे उरलेले निम्मे हे असे आहे. एकटे ॲल्युमिनियम तांबडे गंजत नाही, कारण तीच ऑक्साइडची साय त्याला झाकते. पण गाडीत ते एकटे कधीच नसते. बिजागऱ्या, बोल्ट, सीटचे आधार हे पोलादाचे असतात. कारखाना त्या बोल्टांना विशेष लेप देतो, मध्ये प्लास्टिकची चकती घालतो. मग कोणी मेकॅनिक हरवलेल्या बोल्टाच्या जागी हाताला लागेल तो साधा बोल्ट पिळतो आणि खाऱ्या ओलाव्यात पुढचे काम आपोआप होते. जुन्या लँड रोव्हरच्या बॉडीलाही पोलादी भागांशी जिथे स्पर्श होता, तिथेच कीड लागलेली दिसते.

पर्यावरणाचा मुद्दा तू काढलाच आहेस म्हणून थोडक्यात लिहितो. नव्या ॲल्युमिनियमच्या प्रत्येक किलोमागे केवळ विद्युतविघटनालाच, म्हणजे विजेने धातू वेगळा करायलाच, १३ ते १५ युनिट वीज लागते, तर भंगारातून तेच काढायला एकूण ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच पुरते. तू जुनी गाडी घेतोस, म्हणजे ती वीज केव्हाच खर्ची पडलेली आहे. त्या बाबतीत मन शांत ठेव. ज्या ऑडीने या प्रकाराला प्रतिष्ठा दिली, तिनेही २०१७ च्या ए-८ मध्ये प्रवासी कक्षासाठी तापवून ठशात घातलेले पोलाद पुष्कळ वापरले, हेही लक्षात असू दे. आजचे पोलाद इतके बलवान झाले आहे की सर्वत्र ॲल्युमिनियम वापरण्याचा हट्ट गाड्या बनवणाऱ्यांनीच सैल केला आहे.

माझे मत विचारशील तर असे की, गाडी घे, पण ती कधी मोठी आपटली नसेल तरच. पोलादी गाडीत मी एखादी नीट केलेली दुरुस्ती चालवून घेतली असती. इथे घेणार नाही. पाहायला जाशील तेव्हा लोहचुंबकावर विसंबू नकोस. पुट्टी असो वा नसो, ॲल्युमिनियमला तो चिकटणारच नाही. रंगाची जाडी मोजणारे यंत्रही लोहेतर धातूंवर चालणारेच मागून घे. बॉनेटची कडा, दारांची खालची शिवण आणि प्रत्येक बिजागरीचा भोवताल बॅटरीच्या उजेडात आडव्या नजरेने पाहा. रंगाखाली फुगवटा असेल तर तो तिरप्या प्रकाशातच दिसतो. रिव्हेटांच्या ओळीत एखादे डोके इतरांहून निराळे दिसले, तर तो सांधा कोणी, कधी आणि का उघडला, हे कागदावर मागून घे.

बिजागऱ्यांची छायाचित्रे जवळून काढून मला पाठव. ती मी पाहीपर्यंत इसार देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध