शोकसभेबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या दूध संस्थेचे ज्येष्ठ सभासद तात्या यांच्या निधनानिमित्त येत्या रविवारी सकाळी १० वाजता संस्थेच्या आवारात शोकसभा होईल. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाचा दोष लपवून त्यांनी कधीही सौदा केला नाही, आणि २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा वस्तीवस्तीवर जाऊन लसीकरणासाठी शेजाऱ्यांच्या जनावरांची दावी स्वतः धरली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. धार काढून झाल्यावर सिद्धनाथाला हात जोडल्याशिवाय ते चहाही घेत नसत. नातवंडांनाही त्यांनी हीच सवय लावली. त्या दिवशी दूध संकलन सकाळी ८ वाजता बंद होईल. हारांऐवजी प्रत्येकाने कडब्याच्या दोन पेंढ्या आणाव्यात. या पेंढ्या तात्यांच्या घरी काकूंच्या गोठ्यावर पोहोचविल्या जातील.