खुलं पत्र: कोलिना साहेब, निर्णयाची झेरॉक्स द्या

प्रति,
पिएरलुइजी कोलिना साहेब,
रेफरी प्रमुख, फिफा

साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तुमच्या ऑफिसात कुणीतरी वाचून सांगेल, नाहीतर हल्ली मशीन आहेच. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की पेठापेठांत अर्जेंटिना विरुद्ध ब्राझील सुरू होतं, मेस्सी-नेमारची डिजिटल बॅनर लागतात, आणि एरवी शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस असतात तेव्हा रेफरीला जे ऐकावं लागतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणजे रेफरीला शिव्या घालण्यात आम्ही काय कमी नाही. पण तुमचं नाव निघालं की गप्प होणारी माणसं पण इथंच सापडतील, कारण तुम्ही रेफरी असलेली ९९ ची मॅन्चेस्टर-बायर्न फायनल आणि २००२ ची ब्राझील-जर्मनी फायनल बघितलेली पिढी अजून कट्ट्यावर आहे, आणि तुम्ही नुसते डोळे वटारले की प्लेअर दोन पावलं मागं जायचा हे आम्ही टीव्हीवर बघितलंय. म्हणून हे पत्र तुम्हाला, फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो साहेबांना नाही.

आधी दोन मॅचेस आठवा. दोन्ही कतारमधल्या.

पहिली १ डिसेंबर २०२२, वर्ल्ड कपची जपान-स्पेन, खलिफा स्टेडियम. मितोमानं गोललाईनवरून बॉल आत ओढला, तनाकानं गोल मारला, टीव्हीवर तर बॉल सरळ सरळ बाहेर गेलेला दिसत होता. व्हीएआरनं, म्हणजे व्हिडीओ बघणाऱ्या रेफरींनी, तपासलं आणि गोल दिला. बॉल लाईनवर १.८८ मिलीमीटर होता असा आकडा नंतर सगळीकडं फिरला. तो गोल नसता तर जर्मनी पुढं गेली असती, त्यामुळं बोंबाबोंब होणारच होती. पण वरून काढलेला फोटो बघितला तर बॉलचा फुगीर भाग खरंच लाईनच्या वर आहे. निर्णय बरोबर होता, मानलं.

दुसरी ११ जून २०२४, कतार-इंडिया, वर्ल्ड कप क्वालिफायर. ही तुम्हाला आठवत नसेल, आम्हाला आठवते. छेत्री आधीच्याच मॅचला रिटायर झालेला, छांगटेनं ३७ व्या मिनिटाला गोल मारून आपल्याला पुढं नेलं, जिंकलो असतो तर पहिल्यांदाच क्वालिफायरच्या तिसऱ्या राऊंडला गेलो असतो. ७३ व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतजवळून बॉल गोललाईनच्या बाहेर गेला, मिलीमीटरमध्ये नाही, चांगला ढळढळीत बाहेर, आपली पोरं थांबली, कतारच्या प्लेअरनं तो पायानं आत ओढला, अयमेननं जाळ्यात मारला आणि रेफरींनी गोल दिला. का? तर तिथं व्हीएआरच नव्हतं. रेफरी कोरियाचे होते, त्यांना आणि लाईनवरच्या असिस्टंटला दिसलं नाही, आणि घरात बसलेल्या आमच्या सगळ्यांना दिसलं. मग अजून एक गोल खाल्ला, २-१ हरलो, बाहेर. फेडरेशननं तक्रार केली, निकाल तसाच राहिला.

आता तुम्ही म्हणाल ती मॅच वर्ल्ड कपची नव्हती. अहो, क्वालिफायर पण फिफा वर्ल्ड कपचीच की! नाव तुमचं, बोर्ड तुमचा. तिथं कोण पोचणार हे जिथं ठरतं तिथं आमच्या राऊंडला व्हीएआर नव्हतं, आणि पोचल्यावर मात्र कतारला ऑफसाईड पकडायला स्टेडियमच्या छताला १२ कॅमेरे, प्रत्येक प्लेअरच्या अंगावरचे २९ पॉईंट, सेकंदाला ५० वेळा मोजणी, बॉलमध्ये सेन्सर तो सेकंदाला ५०० वेळा सिग्नल द्यायचा. पहिल्याच मॅचला एक्वाडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल तिसऱ्या मिनिटाला ऑफसाईड म्हणून त्यात गेला. भारी टेक्नॉलॉजी आहे, वाद नाही. पण जर्मनी बाहेर पडली तर मिलीमीटर, आणि आम्ही बाहेर पडलो तर नशीब, हे जरा खटकतं. (आम्ही तसं पण तिसऱ्या राऊंडला जाऊन मार खाल्ला असता असं कट्ट्यावरचे जाणकार म्हणतात. खाल्ला असता तर खाल्ला असता, तो आमचा आम्ही खाल्ला असता.)

बरं हे पैशाचं झालं, सगळीकडं व्हीएआर लावायला खर्च येतो, समजू शकतो. पण माझी खरी तक्रार फुकटात होणाऱ्या गोष्टीची आहे. रेफरीनं निर्णय दिला की तो का दिला हे तुम्ही सांगत नाही.

जपानच्या गोलचंच घ्या. ज्या अँगलनं वाद मिटला असता तो अँगल मॅच चालू असताना कुणाला दाखवला नाही. फिफानं त्याचं स्पष्टीकरण टाकलं दुसऱ्या दिवशी, तोपर्यंत अर्ध्या जगानं ठरवलं होतं की काहीतरी सेटिंग आहे. तुमच्याकडं बरोबर उत्तर होतं आणि ते तुम्ही रात्रभर खिशात ठेवलं, ह्याला काय म्हणायचं.

फ्रान्स-ट्युनिशियाला तर कहर. शेवटच्या मिनिटाला ग्रीझमनचा गोल, १-१, रेफरींनी शिट्टी मारली, फ्रान्समधलं चॅनेल जाहिरातीला गेलं, लोक उठले असतील जेवायला, आणि इकडं व्हीएआरनं गोल काढून घेतला. फ्रान्सनं तक्रार केली, तुम्ही फेटाळली. मॅच परत सुरू झाल्यावर मागं जाता येतं का नाही हा साधा प्रश्न होता, एक माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहून दोन मिनिटांत सांगू शकला असता.

आणि उरुग्वे. पोर्तुगालविरुद्ध हिमेनेझ पडता पडता हात टेकतो, त्या हाताला बॉल लागतो, रेफरी फघानी साहेब मॉनिटर बघून येतात आणि पेनल्टी. पुढच्या मॅचला घानाविरुद्ध कवानी बॉक्समध्ये पडतो, काहीच नाही. एका गोलसाठी बाहेर गेले, कवानीनं जाताना व्हीएआरचा मॉनिटरच पाडला, हिमेनेझला चार मॅचची बंदी. त्यांचं वागणं चुकीचंच, ते सोडा. पण हा हँडबॉल का आणि तो फाऊल का नाही हे त्यांना आणि आम्हाला कुणी सांगितलं? मोरोक्कोनं सेमीफायनलनंतर पत्र लिहिलं, बॉक्समध्ये फ्रान्सच्या तेओ हर्नांडेझशी टक्कर झाली आणि पिवळं कार्ड मिळालं उलट त्यांच्याच बुफालला. मी तो रिप्ले कितीतरी वेळा बघितलाय, अजून कळलं नाही.

आमच्याकडं दहावी-बारावीच्या पोराला मार्क कमी पडले तर तो पैसे भरून बोर्डाकडनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवतो. मार्क वाढतात असं नाही, बऱ्याचदा नाहीच वाढत, पण कुठं गेले ते कळतं आणि घरचे गप्प बसतात. तसलं काहीतरी आम्हाला पाहिजे.

आणि सांगितलं की लोक ऐकतात ह्याचा पुरावा तुम्हीच दिलाय. कतारला इंज्युरी टाईम एवढा लांबला, इंग्लंड-इराणला दोन्ही हाफ मिळून पंचवीस मिनिटांच्या वर गेलं, पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की सेलिब्रेशन, सब्स्टिट्यूशन, दुखापत सगळ्याचा वेळ मोजणार. लोक चार दिवस कुरकुरले आणि रुळले. फायनलचं पण तसंच. मेस्सीनं अर्जेंटिनाचा तिसरा गोल मारला त्या वेळी त्यांचे राखीव प्लेअर मैदानात आले होते, गोल रद्द पाहिजे होता, असं फ्रान्समध्ये छापून आलं. मार्चिनियाक साहेबांनी पोलंडला परत गेल्यावर पत्रकारांसमोर खिशातून मोबाईल काढला आणि फोटो दाखवला, एम्बाप्पेच्या गोलच्या वेळी फ्रान्सचे सात जण आत होते. विषय संपला! वर्ल्ड कप फायनलच्या रेफरीला स्वतःच्या मोबाईलवर स्वतःची बाजू मांडायला लागते, फिफाकडं एवढे कॅमेरे असताना.

तुमची जुनी सवय पण सांगतो. २०१० ला अर्जेंटिनाच्या तेवेझचा ऑफसाईड गोल स्टेडियमच्या मोठ्या स्क्रीनवर दिसला, मेक्सिकोची पोरं स्क्रीनकडं बोट दाखवत रेफरीला सांगत होती, सगळ्या स्टेडियमला कळलं होतं आणि नियमानं बघायची परवानगी नसलेला एकच माणूस निर्णय देत होता. त्यावर फिफानं काय म्हणावं, तर असले रिप्ले स्क्रीनवर येणार नाहीत ह्याची काळजी घेऊ. त्याच दिवशी इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल गोलच्या आत हातभर पडून बाहेर आला होता, तरी गोल दिला नव्हता. तेव्हा कुठं गोललाईन टेक्नॉलॉजीचा विषय हलला आणि २०१४ च्या वर्ल्ड कपला ती आली. मोठ्या देशाचं नुकसान झालं की तुमच्याकडं गाडी हलते, हे आमचं निरीक्षण.

बरं काही चांगलं केलंय ते पण बोललं पाहिजे. कतारच्या जर्मनी-कोस्टा रिकाला रेफरी फ्रापार्ट मॅडम आणि त्यांच्या दोन असिस्टंट, तिघी बायका, आणि त्या मॅचला रेफरिंगवर कुणी ब्र काढला नाही. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपला रेफरी माईकवरून निर्णय सांगायला लागल्या, फायनलला पेन्सो मॅडमनी हँडबॉलची पेनल्टी अख्ख्या स्टेडियमला सांगितली. ते एका वाक्याचं असतं, पण सुरुवात झाली. आता त्याच्यापुढं जा. दक्षिण अमेरिकेची फुटबॉल संघटना कॉन्मेबोल व्हीएआर रूममधलं बोलणं व्हिडीओसकट यूट्यूबवर टाकते, रेफरी काय विचारतो, आतला काय सांगतो, सगळं ऐकू येतं, स्पॅनिश कळत नसलं तरी मी बघत बसतो. त्यानं आकाश कोसळलेलं नाही.

रेफरी लाहोझ साहेबांचं एक राहिलं. नेदरलँड्स-अर्जेंटिना, आमच्या रात्री साडेबाराची मॅच, १८ पिवळी कार्डं, कोचिंग स्टाफची धरून. अर्जेंटिनाच्या परेडेसनं बॉल थेट डच बेंचवर मारला तिथंच मॅच हातातून गेली होती, नंतर नुसती कार्डं वाटत बसले. इथं व्हीएआर काही करू शकत नाही, मैदानात माणूसच लागतो, आणि तसल्या तापलेल्या मॅचला कुणाला लावायचं हे तुमची समिती ठरवते. तुम्ही स्वतः २००२ ला अर्जेंटिना-इंग्लंड सांभाळलीय, तुम्हाला मी काय सांगणार. पण निवड कशावर होते, कुठल्या मॅचला कुणाला किती मार्क पडले, हे पण कधी बाहेर येत नाही.

२०२६ पासून ४८ टीम आणि १०४ मॅचेस. म्हणजे नवे देश, नवे रेफरी, वाद पण तेवढेच जास्त. तेव्हा मागणी एवढीच: प्रत्येक मॅचनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वादाच्या निर्णयांचं रेकॉर्डिंग टाका, चूक असेल तर चूक म्हणा. आणि क्वालिफायरला पूर्ण व्हीएआर परवडत नसेल तर निदान गोललाईनवर दोन साधे कॅमेरे आणि एक मॉनिटर द्या, रेफरीला स्वतः जाऊन बघू द्या. कतारच्या त्या गोलला दहा सेकंद पुरले असते.

कळावे,
कोल्हापूरचा एक प्रेक्षक
(पेठ सांगत नाही, उगाच वाद नको)